आपण म्हणजे कोण

‘आपण’ म्हणून ती मोकळी झाली, आणि मागून वाक्याची शेपूट आली. सकाळच्या बैठकीत थोरल्या देशाचा प्रतिनिधी पाण्याचा पेला हातात तसाच धरून, अगदी साध्या आवाजात बोलत होता. शेजाऱ्याच्या या आगळिकीला काय उत्तर द्यायचं ते आपण ठरवू, एवढं तिनं त्याच्यामागोमाग आपल्या भाषेत करून मायक्रोफोनमध्ये सोडलं होतं. तोवर तो पुढं म्हणाला, आणि ठरलं की तुम्हांला कळवू. आता ज्यांना कळवायचं ते ठरवणाऱ्यांत कसे बसतील? तिच्या जिभेला हे तिच्याआधी कळलं. ‘क्षमस्व,’ ती म्हणाली, ‘आम्ही ठरवू, आणि तुम्हांला कळवू.’ खाली सभागृहात लांबट टेबलाशी बसलेल्या मंत्र्यांनी कानातलं यंत्र बोटानं दाबून धरलं आणि मान वर करून काचेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी वर पाहिलं नव्हतं. पंख्याचा आवाज आला की माणूस पंख्याकडे थोडाच पाहतो? सभागृहाच्या माथ्यावरच्या त्या काचेच्या खोलीत ती जन्मभर दुभाषी म्हणून बसली होती आणि खात्यात सगळे तिला ‘काचेतल्या बाई’ म्हणत. त्या काचेवर आज पहिल्यांदाच कुणाची तरी नजर आदळली.

त्या परक्या भाषेत शब्द एकच. आपण म्हणायचं असो की आम्ही, ती माणसं एकाच शब्दात उरकतात. जगभर त्यांची जहाजं फिरतात, जगभर त्यांचा माल खपतो, आणि घरात एवढा साधा शब्द नाही. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ‘आपण खेळू’ म्हटलं तर चल, आणि ‘आम्ही खेळतोय’ म्हटलं तर तू फूट. त्यामुळं तो परका शब्द कानात पडला की दर खेपेला तिला अर्ध्या श्वासात निवड करावी लागायची. यात आपला देश आहे की नाही? बहुतेकदा पुढचं वाक्यच ते सांगून टाकायचं. जिथं सांगत नसे तिथं ती बोलणाऱ्याच्या हातांकडे बघायची, खांद्यांकडे बघायची, आणि ठोकून द्यायची. या धंद्यात गुरू म्हणून लाभलेल्या म्हाताऱ्यानं तिला शिकवलं होतं, दुभाष्यानं नळ व्हावं, नळाला स्वतःची चव नसते. चव नसते म्हणे. जुन्या नळाचं पाणी त्यानं कधी प्यायलेलं दिसत नव्हतं. तिनं शेजारी बसलेल्या जोडीदाराला खूण केली. पाठदुखीपायी कायम उशी घेऊन येतो म्हणून त्याला उशीच म्हणत. आळीपाळीनं बोलायचं असा काचेतला नियम, आणि तिची पाळी अजून संपली नव्हती, पण त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं मायक्रोफोन आपल्याकडे ओढला.

मोकळी होताच ती जिथं जायला नको तिथं गेली, म्हणजे त्या पहिल्या दिवशी, सहीच्या दिवशी. हेच सभागृह, हीच काच. पाच देश मिळून सुरक्षेची आघाडी करत होते आणि तिच्या देशाचं येऊ की नको चाललं होतं. उत्तरेचा शेजारी तेव्हा नुकता अंगानं भरत होता. त्यानं बंदर खोल करून देतो म्हणून निरोप पाठवला होता, रेल्वे टाकून देतो म्हणाला होता, आणि अर्धं मंत्रिमंडळ तिकडे झुकलेलं होतं. देशाची जुनी रीत दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची. त्यात भूषण नव्हतं, पण त्या रीतीत दोन पिढ्या सुखानं म्हाताऱ्या झाल्या होत्या. लेखी मसुद्यात थोरल्यानं काहीच दिलं नव्हतं. संकट आल्यास सदस्य देश विचारविनिमय करतील, एवढंच. विचारविनिमय काय, चहावरही होतो. आणि मग थोरल्याचा त्या वेळचा प्रतिनिधी उठला. पांढऱ्या केसांचा, मऊ बोलणारा माणूस. त्यानं टेबलावर तळहात ठेवला, आणि उत्तरेच्या टोकापाशी कुणी आलं तर त्याला सामोरं कोण जाणार ते एका वाक्यात सांगितलं. त्या वाक्याचा कर्ता तो एकच शब्द होता. पुढं शेपूट नव्हती. ते संपलं तिथंच संपलं. तिनं अर्ध्या श्वासात निवड केली आणि म्हणाली, ‘आपण सामोरे जाऊ.’

सभागृहात टाळ्या पडल्या. पडल्या त्या अलीकडच्या बाजूला, तिच्या माणसांच्या. पलीकडची माणसं जरा दचकली आणि मग तीही वाजवू लागली, कारण टाळ्या कुणाला नको असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या माथ्यावर तो एकच शब्द होता. महिन्याभरात तो भिंतींवर आला, टपालाच्या तिकिटावर आला, शाळेच्या फळ्यांवर आला. बंदराची योजना साभार परत गेली. रेल्वेच्या आखणीसाठी रोवलेले खांब उपटले. शेजाऱ्याच्या वकिलातीसमोर पोरं घोषणा देऊ लागली, आणि उत्तरेच्या टोकावर, जिथं पूर्वी समुद्रपक्ष्यांशिवाय कुणी राहत नव्हतं तिथं, शेजाऱ्याच्या पोटात डोकावणारं रडार बसलं. एक हात डगरीवरून उचलला गेला तो कायमचा. हे सगळं ती वर्तमानपत्रात वाचत आली होती आणि तिला बरंच वाटत आलं होतं. आपलं एक मूल वर्गात पहिलं आलं की वाटतं तसं.

आणि आज, उशीचा सपाट आवाज शेजारी चालू असताना, तिला विचारावंसं वाटत होतं की बाई, तू का ‘आपण’ म्हणालीस? त्या माणसाच्या हातात तसं काही नव्हतं. तळहात टेबलावर होता, तो त्याच्या स्वतःच्या लोकांपुढे होता. मग कुठून आलं? ती मागं मागं गेली आणि सासूबाईंपाशी येऊन थांबली. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासून सासूबाई तिला आमच्याकडे सांगत. आमच्याकडे टॉवेल असे वाळत घालत नाहीत. आमच्याकडे आवाज चढवून बोलत नाहीत. आमच्याकडे दार असं आपटत नाहीत, हळू लावतात. नवऱ्याला हे ऐकूच यायचं नाही, पंख्यासारखंच. तिला मात्र प्रत्येक वेळी उंबऱ्याबाहेर उभं केल्यासारखं व्हायचं. मूल झालं, सासरे गेले, घराला रंग दिला, तरी आमच्याकडे ते आमच्याकडेच. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी ती त्यांचे केस विंचरत होती आणि त्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या, ‘आपल्याकडे उजेड छान येतो, नाही?’ कंगवा तिच्या हातातच राहिला. दुसरं काही झालं नाही. त्या लवकरच गेल्या. आणि त्या गेल्या त्याच महिन्यात ती काचेत बसली होती, सहीच्या दिवशी, कानात तो एक शब्द पडला आणि तोंडातून ‘आपण’ बाहेर आलं. म्हणजे एका अख्ख्या देशाचं परराष्ट्र धोरण तिच्या सासूबाईंनी ठरवलं होतं. तिला हसू यायला हवं होतं. एरवी उशीला सांगितलं असतं तर तो खुर्चीवरून पडला असता. पण ते आलं नाही, कारण टोकावरच्या त्या रडारवर तिची लेक होती.

लेकीचं वेड ‘आपण’चंच. लहानपणी तिला मी हा शब्द येतच नव्हता. एकटीच धावायची, एकटीच आपटायची, आणि गुडघा घेऊन रडत यायची, ‘आई, आपण पडलो.’ शेजारपाजारच्या बायका हसून बेजार. ‘अगं, तू पडलीस,’ असं कितीदा सांगून झालं, पण पोरगी ठाम. सहीनंतर शाळेत निबंध आला, आपण सामोरे जाऊ. लेकीनं त्यात लिहिलं की हे वाक्य माझ्या आईच्या तोंडून निघालं. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. मग ती वाढली, तंत्रशाळेत गेली, रडारवर नेमणूक मागून घेतली. बापानं विरोध केला, तोंड फिरवून बसला, पुढं तो या जगातूनच गेला. आणि आता शेजाऱ्याच्या जहाजांनी टोकाला तिन्ही बाजूंनी वेढा दिला होता. रडार उतरवा, नाहीतर आम्ही उतरवू, असा निरोप होता. आज इथं आघाडीचे पाचही देश बसले होते ते एवढ्याचसाठी. आणि थोरला म्हणत होता, ठरलं की कळवू.

मधल्या सुट्टीत दार वाजलं आणि मंत्री स्वतः आत आले. काचेतल्या खोलीत दोनच खुर्च्या. उशी उठून उभा राहिला, मंत्री बसले नाहीत. जवळून ते वयस्कर दिसत होते.

‘बाई, मघाशी तुम्ही आधी आपण म्हणालात.’

‘हो. चूक झाली. दुरुस्त केली मी.’

‘चूक झाली म्हणजे काय? त्यानं शब्द बदलला का?’

‘नाही. त्यांच्याकडे शब्द एकच आहे साहेब. आपणला तोच, आम्हीला तोच. मागचंपुढचं बघून आम्ही ठरवतो.’

‘आम्ही म्हणजे?’

‘म्हणजे मी. त्या वेळी जो बोलत असेल तो.’

खाली रिकाम्या टेबलावर कुणीतरी पेले गोळा करत होतं, तिकडे मंत्री पाहत राहिले. त्यांचे ओठ हलले, बहुधा तो परका शब्द त्यांनी मनाशी म्हणून पाहिला. मग फार हळू विचारलं, ‘सहीच्या दिवशी तुम्हीच होतात?’

‘मीच होते.’

‘तेव्हा पुढं काही होतं का? आज होतं तसं? ज्यावरून कळावं?’

‘नव्हतं.’

‘मी त्या सहीच्या विरोधात होतो,’ मंत्री म्हणाले. ‘तेव्हा मी मंत्री नव्हतो, नुसता सचिव होतो. माझ्या खिशात राजीनामा होता. लेखी करारात काहीच नाही, मी सगळ्यांना सांगत होतो. आणि मग ते वाक्य ऐकलं. इथं, या कानात. मला वाटलं, एवढा मोठा माणूस आपण म्हणतोय, आणि मी काय शंका काढत बसलोय. घरी जाऊन मी राजीनामा फाडला.’ ते थांबले. ‘तो तुमचा आवाज होता.’

तिला सांगायचं होतं की माझी लेक तिथं आहे. ते तोंडाशी आलं आणि तिनं गिळलं, कारण ते सांगितलं असतं तर मंत्र्यांनी तिची कीव केली असती, आणि आत्ता तिला कुणाचीही कीव नको होती. उशी खिडकीकडे तोंड करून उभा होता. बिचाऱ्याला कुठं जावं कळत नव्हतं.

‘मग समजा,’ मंत्री दाराशी वळून म्हणाले, ‘समजा दुपारी मी आम्ही म्हणालो. त्यांना काय ऐकू येईल?’

‘तोच शब्द,’ ती म्हणाली.

‘त्यांना वगळून आम्ही म्हणालो तरी?’

‘तरी तोच.’

मंत्र्यांनी मान हलवली आणि गेले. उशीनं श्वास सोडला. ‘बाई, घ्या पाणी प्या,’ एवढंच तो म्हणाला. तिनं पेला घेतला, पण प्यायचा राहूनच गेला, कारण फोन थरथरू लागला. टोकावरच्या लोकांना दिवसातून एकदा घरी बोलू देत. लेकीचा आवाज वाऱ्यात फाटत होता, पण त्यात भीती नव्हती, उलट सहलीला गेल्यासारखी ती तेजीत होती. आम्ही ठीक आहोत म्हणाली. आम्ही आळीपाळीनं झोपतो, आम्ही पडद्यावरून नजर हलवत नाही. ‘आम्ही’ किती सहज येत होतं तिच्या तोंडी. ते तिथल्या पोरापोरींचं होतं, त्यात आई कुठंच नव्हती, आणि असणार तरी कशी? मग ती म्हणाली, ‘आई, काल आम्ही तुझं ते वाक्य लावलं होतं. ध्वनिमुद्रण आहे इथं. सगळ्यांना सांगितलं, ही माझी आई. कुणाचा विश्वासच बसेना.’

‘हो का,’ ती म्हणाली.

‘येतील ना गं थोरल्यांची जहाजं? इथं काही जण उगाच कुरकुरतात. मी म्हटलं, त्यांनी शब्द दिलाय.’

त्यांनी दिला नव्हता. तिनं दिला होता. ‘जेवलीस का?’ तिनं विचारलं. लेक हसली, तू आणि तुझं जेवण म्हणाली, आणि वेळ संपली म्हणून फोन तुटला. तोंडावर चपराक बसून ती बसल्याचा आवाज तेवढा मागून यावा, तसं तिला खोलीभर ऐकू येत राहिलं, त्यांनी शब्द दिलाय, त्यांनी शब्द दिलाय.

दुपारी मंत्र्यांनी भाषण वाचलं नाही, कागद पालथा घातला. ‘टोकावरची माणसं आम्ही आज संध्याकाळच्या आत मागं घेतो आहोत,’ ते म्हणाले. ‘रडार आम्ही बंद करतो. पुढची बोलणी शेजाऱ्याशी आम्ही करू.’ ते हळू बोलले, प्रत्येक आम्हीपाशी जरासे थांबले. वर मात्र त्यांनी पाहिलं नाही. तिनं ऐकलं. आधी तिला कळलं ते एवढंच, माणसं मागं घेतो आहोत, लेक परत येते आहे, आणि लगेच मागोमाग कळलं की आपला देश आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, आघाडीतून पाय काढून घेतो आहे, आणि दाराची कडी तिच्या हातात आहे. तिनं परक्या भाषेतला तो एकच शब्द उच्चारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पलीकडे थोरल्याचा प्रतिनिधी मान डोलावत होता. त्या शब्दात तो स्वतःला बसवूनच ऐकत होता, आयुष्यभर तेच करत आल्यासारखा. लढायचं टळतंय आणि बोलणीही आघाडीच करणार, म्हणजे आपणच करणार, असं समजून त्याचा चेहरा सैल पडला. उशीनं कागदावर खरडलं, ‘फक्त आम्ही?’ आणि कागद तिच्याकडे सरकवला. त्याचं बरोबर होतं. एक शब्द जोडला असता तर अर्थ चोख झाला असता, आणि पलीकडचा माणूस ताडकन उभा राहिला असता, आणि चर्चा लांबली असती, रात्र झाली असती, आणि वेढा घालून बसलेल्या जहाजांनी तोवर वाट पाहिली नसती. खोकला आला तर मायक्रोफोन बंद करायला एक बटण असतं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि तसंच धरून बसली. तिनं शब्द जोडला नाही. देशासाठी नाही जोडला की लेकीसाठी, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. तिच्यानं ते झालंच नाही. प्रतिनिधी म्हणाला, ‘छान. मग ठरलं.’ त्या वाक्यात त्यानंही तो शब्द वापरला होता, पण आपल्या भाषेत कर्ता गाळता येतो. ‘ठरलं तर मग,’ ती म्हणाली. मंत्री उठले आणि कुणाशी हात न मिळवता बाहेर पडले.

घरी येऊन ती पायांतलं न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. दिवा लावायला अजून वेळ होता. बातम्यांत सांगत होते की तळ रिकामा झाला, माणसं किनाऱ्यावरच्या छावणीत सुखरूप पोचली, मंत्री शेजाऱ्याच्या वकिलातीत गेले आहेत, आणि थोरल्यानं खुलासा मागितला आहे. अंग हलकं व्हायला हवं होतं. पोर जिवंत आहे, यापुढं आईला काय हवं असतं? पण तिला अजून दुपारच्या त्या शब्दातून बाहेरच पडता आलं नव्हतं. खोटं नव्हतं, फसवणूक म्हणावी तर शब्द बरोबर होता, सहीच्या दिवशी आणि आज, दोन्ही वेळेला बरोबर होता. तिनं टॉवेल ओला करून तोंडावर धरला. फोन वाजला तेव्हा तो टॉवेल तिच्या मांडीवर पडला आणि पाणी साडीतून आत झिरपत राहिलं.

‘आम्ही पोचलो,’ लेक म्हणाली. आवाजातली सकाळची तेजी पार गेली होती. ‘निघताना यंत्रं आमच्याच हातानं फोडायला लावली. हातोडे दिले होते. माझ्या पडद्यावर मीच हातोडा घातला.’

‘तुला कुठं लागलं नाही ना?’

‘आम्ही थांबायला तयार होतो. सगळेच्या सगळे. आम्हांला कुणी विचारलं नाही.’ मग लेकीनं विचारलं, ‘तुम्ही असं कसं केलंत?’

जन्मल्यापासून लेक तिला तू म्हणत आली होती. रागावली तरी तू, रुसली तरी तू, बापाच्या प्रेतापाशी गळ्यात पडली तेव्हाही तू. तिनं फोन कानाशी घट्ट दाबला. तुम्ही म्हणजे सरकार, तुम्ही म्हणजे राजधानीतले सगळे, असं असेल. अनेकवचन असेल. किंवा नसेल. मागचंपुढचं बघून ठरवायचं, तर पुढं काहीच नव्हतं.

‘तुम्ही म्हणजे कोण गं?’ तिनं विचारलं.

मग परक्या बाईशी बोलावं तशा नीटस आवाजात लेक ‘ठेवते’ म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.